काही कमी नाही

मावशीच्या समोर 'शॉर्ट' हा शब्द काढायचा नाही. काढायचाच असेल तर दाराजवळ उभं राहून काढायचा, म्हणजे पळता येतं.

सरकारी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर बायकांचा हाडांचा वॉर्ड आहे. केस काळे होते तेव्हापासून ही बाई तिथे आया आहे. तशा इस्पितळात सगळ्या आया मावशीच, पण नुसतं 'मावशी' म्हटलं की ही. उंची इतकी बेताची की सलाईनची बाटली अडकवायला पायाखाली स्टूल घ्यावं लागतं. आवाज मात्र असा की खाली केसपेपरच्या रांगेतली माणसं वर बघतात. हाडांचे डॉक्टर एकदा हसत म्हणाले, "मावशी, तुम्ही उंचीनं शॉर्ट आणि टेम्परनंही शॉर्ट." मावशी म्हणाली, "स्टाफ शॉर्ट, चादरी शॉर्ट, औषधं शॉर्ट. माझी जीभ तेवढी पुरेपूर आहे, ती वापरते." डॉक्टर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

आता हा शब्द इंग्रजांनी कशासाठी केला असेल तो असो, पण आमच्या इस्पितळात त्याच्यावाचून पान हलत नाही. 'चादरी शॉर्ट आहेत' म्हणजे चादरी आहेत, पण ज्यांचा वशिला आहे त्यांच्या खाटेवर आहेत. 'माणूस शॉर्ट आहे' म्हणजे दोघींचं काम एकटीनं करा आणि वर तोंड पाडू नका. 'शॉर्टमध्ये सांगा' म्हणजे गप्प बसा. आणि तुम्ही गप्प बसला नाहीत, तर 'टेम्पर शॉर्ट आहे'. एकच शब्द, आणि प्रत्येक वेळी तो वरून खाली येतो. खालून वर गेलेला कुणी पाहिला नाही. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये कधी काही शॉर्ट पडल्याचं ऐकलंय कुणी? तिथे एका माणसासाठी सहा खुर्च्या आणि खिडकीला दुहेरी पडदे.

हा शब्द सगळ्यात लाडका मुकादमाचा. आया, झाडूवाल्या, स्ट्रेचर ओढणारे, सगळ्यांवर हा मुकादम. खिशाला पेन, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात शॉर्ट. काही मागायला जा, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची मान हलायला लागते. मावशी म्हणायची, "याच्या बारशाला पाळणासुद्धा शॉर्ट असणार. हातावरच झुलवला असेल."

पण एवढं शॉर्ट असून तपासणीत हे इस्पितळ कधी नापास झालं नाही. आणि त्याचं श्रेय, सांगायला लाज वाटते पण खरं तेच सांगायचं, मावशीचं होतं.

युक्ती साधी होती. तपासणीवाले खालच्या मजल्यावरून सुरुवात करतात आणि लिफ्टनं एकेक मजला वर चढतात. मागच्या बाजूला स्ट्रेचर चढवायचा लांब उतार आहे, तिकडे ते कधी फिरकत नाहीत. एका वॉर्डाची तपासणी झाली की मोठे साहेब त्यांना दोन वॉर्डांच्या मध्ये थांबवून चहा पाजतात. तेवढ्या वेळात तपासलेल्या वॉर्डातल्या चादरी, उशा, सलाईनचे स्टँड, खाटांचे लोखंडी कठडे, चाकाची खुर्ची, सगळं एका ढकलगाडीवर चढतं आणि मागच्या उतारानं वरच्या वॉर्डात पोचतं. साहेबांचा चहा संपेपर्यंत तिथल्या खाटा नटूनथटून तयार. त्याच चादरी, तेच कठडे. प्रत्येक वॉर्ड भरलेला आणि इस्पितळ रिकामं. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तसं.

याला सगळे 'फेरी' म्हणायचे. पूर्वी जो तो आपापल्या वॉर्डापुरतं उसनं आणायचा आणि गोंधळ व्हायचा. मावशीनं त्याला शिस्त लावली. आधी काय काढायचं, गाडीवर खाली काय आणि वर काय, कोणत्या वळणावर चाक कुरकुरतं म्हणून तिथे तेल सोडायचं. इतर वॉर्डांतल्या आया तिच्याकडून शिकल्या. मुकादम म्हणायचा, "मावशी आहेत म्हणून अब्रू आहे." आणि ती, एरवी मुकादमाला उभा जाळणारी, त्या वाक्यानं थोडी फुगायची. माणूस आहे, फुगणारच.

ही विद्या ती माहेराहून घेऊन आली नव्हती. ती तिला तिच्या वन्संनी दिली.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, बटणांच्या कारखान्यात जन्म घालवला आणि भावाच्या संसारात राहिल्या. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. पण पाहुणा येणार असला की वन्सं पदर खोचायच्या. शेजारून चार खुर्च्या, वरच्या मजल्यावरून पडदा, समोरच्यांच्या कपाटातल्या कपबश्या. पाहुणा गेला की जिथलं तिथे परत. नव्या नवरीला त्यांनी पहिल्या महिन्यातच पढवलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी विचारलं, काही कमी आहे का, तर म्हणायचं, काही कमी नाही. एकदा का मूठ उघडलीस की लोक मोजायला बसतात."

आणि ती म्हणत राहिली. एकदा मोठे दीर आले. मागच्या अंगाची एक खोली त्यांच्या ताब्यात होती, रिकामी. तुम्हाला अडचण होत असेल तर घ्या म्हणायला आले होते, हे नंतर कळलं. आले, शेजाऱ्यांच्या खुर्चीत बसले, समोरच्यांच्या कपातून चहा प्यायले, पडदा बघितला. "छान चाललंय की तुमचं. काही कमी नाही ना?" वन्संनी मान हलवली. "छे छे, काही कमी नाही." दिरांनी ती खोली परक्या माणसाला भाड्यानं दिली. मावशीचा मुलगा पुढे जिन्याखाली बल्ब लावून शिकला. मावशीनं ते गिळलं, कारण नवरा अकाली गेल्यावर तिला कामावर जाता यावं म्हणून त्या मुलाला वाढवलं ते वन्संनीच. अशा बाईला काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

तर या वन्सं उतारवयात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आल्या त्या थेट मावशीच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "गुंगी आहे अजून. कठडा लावूनच ठेवा, कूस बदलायला गेल्या तर पडतील." मावशीनं स्वतःच्या हातानं कठडा लावला, हलवून बघितला.

नेमकी दुसऱ्या दिवशी तपासणी आली.

त्या दिवशी मुकादमानं आणखी एक शक्कल काढली. वरच्या मजल्यावरची आया रजेवर, म्हणून तिथे आया शॉर्ट होती, आणि तपासणीला आलेल्या बाईंना प्रत्येक वॉर्डात आया दिसायला हवी होती. म्हणून मावशीची जोडीदारीण त्यानं वर उभी करायला नेली. म्हणजे बघा, आता माणूसही गाडीवर चढलं! ही जोडीदारीण कंत्राटावरची, कामाला वाघीण आणि तोंडानं अशी गप्प की वॉर्डातल्या बायका तिला अबोली म्हणायच्या. नको म्हणणं तिला कधी जमलंच नाही. जा म्हटलं, गेली.

इकडे हाडांच्या वॉर्डाची तपासणी आटोपली. सगळं भरलेलं, सगळं पांढरंशुभ्र. तपासणीच्या बाई खूश होऊन बाहेर पडल्या, चहा सुरू झाला आणि मावशीनं नेहमीच्या सफाईनं गाडी भरायला घेतली. वन्संच्या खाटेशी तिचा हात थांबला. मुकादम दारातून ओरडला, "मावशी, वर कठडे शॉर्ट आहेत, लवकर!" तिनं वन्संकडे पाहिलं. डोळे मिटलेले, शांत. वरची तपासणी संपेपर्यंतचा तर प्रश्न, ती मनाशी म्हणाली. आणि खटका दाबून कठडा काढला.

वर कठडे लागले, बाई तोही वॉर्ड बघून गेल्या, आणि मावशी सामान पुन्हा गाडीवर चढवत होती तेव्हा इकडे वन्संना तहान लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला दोन्ही पायांना वजनं लावलेली, ती नुसती बघू शकत होती. ती म्हणाली, "आजी, हाक मारू का कुणाला?" वन्सं म्हणाल्या, "नको नको, कशाला कुणाला त्रास." आणि टेबलावरच्या तांब्याकडे हात लांबवला.

वर उभं राहून झालेली अबोली तेवढ्यात मागच्या उतारानं धावत खाली येत होती. तिनं आवाज ऐकला. मावशी पोचली तेव्हा वन्सं जमिनीवर होत्या आणि अबोलीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बसवलेलं हाड पुन्हा सरकलं होतं. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, या वयात.

मावशी तेव्हा रडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आग कुणावर काढायची ते तिला कळेना, कारण ज्या हातानं कठडा काढला तो तिच्याच खांद्याला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मुकादम होता, अबोली कोपऱ्यात उभी होती. सहा खुर्च्यांपैकी एकीवरही कुणी बस म्हणालं नाही.

साहेब म्हणाले, "पेशंट पडला, ही गंभीर गोष्ट आहे. ही बाई जागेवर नव्हती."

"ती वरच्या वॉर्डात होती," मावशी म्हणाली. "मुकादमांनीच नेली."

"मी?" मुकादम म्हणाला. "मी कशाला नेऊ? वर माणूस होतं की. तपासणीच्या बाईंनी पाहिलं."

"ते माणूस हीच होती!"

साहेबांनी हात वर केला. "आणि कठडा खाली करून ठेवला होता."

"खाली नव्हता केला साहेब, काढला होता. मी काढला, या हातांनी, आणि वर नेला. शिक्षा करायची तर मला करा."

 साहेब लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "मावशी, या इस्पितळात प्रत्येक खाटेला कठडा आहे. काल तपासणीत प्रत्येक वॉर्डात पाहिला गेला आहे. मग तुम्हाला एका वॉर्डातून काढून दुसऱ्या वॉर्डात नेण्याची गरजच काय?"

आता यावर काय बोलायचं? तिचीच युक्ती, तिचीच शिस्त, तिनंच कुरकुरत्या चाकाला घातलेलं तेल. फेरी झालीच नव्हती, कारण ती इतकी चांगली झाली होती.  मुकादम हळूच म्हणाला, "नणंद आहे ना साहेब त्यांची. शिवाय टेम्पर जरा शॉर्ट."

मावशी कायम नोकरीतली, तिला हात लावणं अवघड. अबोली कंत्राटावरची. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते असं. अबोलीच्या कमाईवर तिची आई आणि दोन मुली. ती एप्रन काढून घडी घालून मुकादमाच्या टेबलावर ठेवून गेली.

मावशीनं मग इस्पितळ डोक्यावर घेतलं. मेट्रनला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, युनियनच्या माणसाला गाठून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीही ऐकलं नाही. मेट्रन म्हणाल्या, "मावशी, शॉर्टमध्ये सांगायचं तर विषय संपलाय." मावशीनं हातातलं बेडपॅन असं आपटलं की मेट्रनचा चष्मा घसरला.

रविवारी ती अबोलीच्या घरी गेली. अबोली धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. आता लोकांचे कपडे इस्त्रीला आणते म्हणाली. मावशीनं बसल्याबसल्या मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबांचा केला. युनियनच्या माणसाला तर काडीची अक्कल नाही म्हणाली. अबोली घड्या घालत राहिली. शेवटी मावशी दमून थांबली, तेव्हा अबोली म्हणाली,

"मावशी, एक बोलू? तू तोंडानं भांडतेस आणि हातानं गाडी ढकलतेस."

एवढंच बोलली आणि आत पाणी आणायला गेली.  इतक्या वर्षांत तिला मुकादमानं सुनावलं, डॉक्टरांनी सुनावलं, मेट्रननं सुनावलं, प्रत्येकाला तिनं दोन जास्त परत दिले होते. या वेळी तिनं समोरच्या ढिगातला एक कपडा उचलला आणि घडी घालायला घेतली.

पेशंट पडल्याची बातमी वर गेली होती, त्यामुळे तपासणीच्या बाई पुन्हा येणार असं कळलं. या वेळी थेट हाडांच्या वॉर्डात. मुकादम हात चोळत आला. "मावशी, उद्या आपला वॉर्ड पहिला. वरच्यांना सांगितलंय, सामान खाली आणतील. तुमच्या नणंदेच्या खाटेला तर दोन्ही बाजूंनी कठडे लावू, चांगले चकचकीत." मावशी म्हणाली, "लावा." तिचा आवाज इतका साधा होता की मुकादमाला शंका यायला हवी होती. अक्कल शॉर्ट, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या उतारावरून गाडी खाली आली. शिगोशिग भरलेली, वर चादरींचा ढीग, बाजूला बांधलेले कठडे, शेंड्यावर सगळ्या वॉर्डांत मिळून फिरणारी एकुलती एक खुर्ची उलटी ठेवलेली. ढकलत होती वरच्या वॉर्डातली आया, अंगानं चांगली भारदस्त. अर्ध्या उतारावर मावशी आडवी आली, चाकाखाली वीट सरकवली आणि चादरींच्या ढिगावर चढून बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते, ते लोंबकळत राहिले.

"अगं, हे काय?" वरची आया म्हणाली.

"फेरी बंद," मावशी म्हणाली.

मुकादम धावत आला. आधी हसला, मग विनवलं, मग त्याचा आवाज चढला. "उठा मावशी! बाई खाली आल्या आहेत, साहेब त्यांना घेऊन निघालेत. उठा म्हणतो ना!"

"नाही उठत. उचला मला."

"अहो, काय लहान मुलासारखं..."

"उचला की! बोलवा माणसं. का माणसं शॉर्ट आहेत?"

उतारावर दोनचार स्ट्रेचरवाले जमले होते. कुणीतरी खुदकन हसलं. मुकादमानं त्यांना हात केला, पण एकही पुढे आला नाही. एकजण भिंतीकडे बघत म्हणाला, "माझी कंबर धरलीय." दुसऱ्याचीही लगेच धरली.

"मावशी, इस्पितळाची अब्रू जाईल!"

"जाऊ दे," ती किंचाळली. "आडातच नाही, तर पोहऱ्यात किती दिवस दाखवणार? तुमच्या अब्रूखाली माझी नणंद मेली असती. आणि जिनं उचललं तिच्या पोरींच्या तोंडचा घास तुम्ही काढलात. मी बोलले तर म्हणे टेम्पर शॉर्ट! आज काही बोलत नाही. आज नुसती बसते."

खालून लिफ्टचा आवाज आला. साहेब वॉर्डात पोचले. मुकादमाचा चेहरा पडला आणि तो तिकडे पळाला. वरची आया मावशीला म्हणाली, "तू जा आत. तुझं माणूस आहे तिथे. गाडीवर मी बसते." आणि ती बसली. आता मात्र उचलायचं म्हटलं तर क्रेनच लागली असती.

मावशी आत गेली तेव्हा तपासणीच्या बाई वॉर्डाच्या मधोमध उभ्या होत्या. खाटा उघड्या होत्या. कुठे रेक्झिनच्या गादीवर अर्धी चादर, कुठे घरून आणलेला टॉवेल, एका खाटेवर उशीच्या जागी कपड्यांचं बोचकं. कठडा एकालाही नाही, त्या दिवशी वर गेलेले वरच राहिले होते.

मुकादम म्हणत होता, "सगळं आजच धुलाईला गेलंय मॅडम."

"कठडेही धुलाईला?" बाईंनी विचारलं.

साहेब मोठ्या मनानं हसले. "मॅडम, आमच्या सांगण्यापेक्षा पेशंटनाच विचारा ना. ज्या पडल्या त्याच आजींना विचारा." त्यांना माहीत होतं. इस्पितळातला गरीब माणूस तक्रार करत नाही, हे प्रत्येक मोठ्या साहेबाला माहीत असतं.

बाई वन्संच्या खाटेशी गेल्या. वाकून म्हणाल्या, "आजी, कशा आहात? इथे काही कमी आहे का तुम्हाला?"

वन्संनी डोळे उघडले. समोर चांगल्या कपड्यांतली परकी बाई, मागे चारचौघे. त्यांचा हात आपोआप केसांकडे गेला, केस सारखे केले, पांघरूण ओढून नीट केलं. आणि त्या गोड हसल्या.

"छे हो! काही कमी नाही. सगळे फार बघतात. बसा ना तुम्ही, उभ्या का? अगं, बाईंना खुर्ची दे."

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं श्वास सोडला. आणि खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली मावशी फुटली.

"वन्सं! कुठली खुर्ची? कुणाची आणू? शेजाऱ्यांची?" तिचा आवाज खाली रांगेपर्यंत गेला असणार. "हे आपलं घर नाही आणि ह्या पाहुण्या नाहीत! जन्मभर काही कमी नाही, काही कमी नाही! तुमच्या 'काही कमी नाही'नं माझ्या पोराची खोली गेली. तेव्हा गप्प बसले. तुमच्याकडून शिकून मी या अख्ख्या इस्पितळाला खुर्च्या उसन्या आणायला शिकवलं. तुमचा कठडा मीच काढला, वन्सं. हाड मोडलं तरी तुम्ही म्हणा, काही कमी नाही! म्हणा! त्या अबोलीच्या पोरी उपाशी बसल्या तरी म्हणा!"

 साहेब म्हणाले, "मावशी, बाहेर जा." ती गेली नाही.  घरात इतक्या वर्षांत वन्संसमोर तिनं आवाज चढवला नव्हता.

वन्संचं हसू गेलं. ओठ घट्ट मिटले. त्यांना फार राग आला होता हे मावशीला दिसलं, कारखान्यात कुणी त्यांच्या पाळीच्या कामाला खोटं माप लावलं की यायचा तसला. त्या कोपरावर उठू बघत होत्या, उठता आलं नाही.

"मला ओरडू नकोस," त्या आधी भावजयीला म्हणाल्या. मग वॉर्डभर नजर फिरवली, जणू पहिल्यांदाच बघत होत्या. मग बाईंकडे वळल्या. "तुम्हाला बस म्हटलं आणि खुर्चीच नाही इथे. बघा म्हणजे."

"आजी, काय कमी आहे ते सांगा," बाई हळू म्हणाल्या.

"माणूस कमी आहे," वन्सं म्हणाल्या. "मी पडले तेव्हा या एवढ्या मोठ्या खोलीत उभं राहील असं एक माणूस नव्हतं. जी वरच्या वॉर्डातून धावत आली, जिनं मला मांडीवर घेतलं, तिला यांनी घरी बसवलं. ती कमी आहे. तिला आणा. मग चादरींचं बघू."

तपासणीच्या बाई साहेबांकडे वळल्या. मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाल्या, "कोण ही बाई? त्या दिवशी वरच्या वॉर्डात मान खाली घालून उभ्या होत्या त्याच का? त्या या मजल्यावरच्या होत्या?"

मुकादम पुढे झाला. "मॅडम, मी शॉर्टमध्ये सांगतो..."

"शॉर्टमध्ये नाही," मावशी म्हणाली. तिनं पायानं सलाईनचं स्टूल बाईंपुढे सरकवलं. "बसा मॅडम. मी सांगते, आणि पहिल्यापासून सांगते. पण आधी जरा माझ्याबरोबर मागच्या उतारावर चला. तिथे एक गाडी आहे."

अबोली परत आली. लगेच नाही, बरेच हेलपाटे घालायला लावून आणि चार जणांच्या सह्या मिळवून, पण आली. कठडे काही नवे आले, बाकीचे अजून शॉर्ट आहेत, आणि मावशी त्याबद्दल रोज भांडते. मुकादमाची बदली झाली नाही, अशा लोकांची होत नाही. मावशीला मात्र बेशिस्तीची ताकीद मिळाली.

अबोली आली त्या दिवशी तिनं एप्रन बांधला आणि आधी खिडकीजवळच्या खाटेशी गेली. वन्सं दुसऱ्या ऑपरेशननंतर पडूनच होत्या. अबोलीनं नेहमीसारखं खालच्या आवाजात विचारलं, "आजी, काही हवंय का?"

समोरच्या खाटेची चादर बदलत असलेल्या मावशीचा हात थांबला. तिनं वळून बघितलं नाही, नुसते कान दिले.

"हो," वन्सं म्हणाल्या. "पाणी दे."